दोन कागद जुळत होते

९ जानेवारी

धाकट्यास,

आशीर्वाद लिहावा की नाही याचा बराच विचार केला आणि शेवटी लिहिला नाही. पत्ता कुठून मिळाला असं विचारू नकोस. एकतीस वर्षं बोललो नाही म्हणून तू कुठे राहतोस हे मला ठाऊक नसेल असं वाटत असेल, तर तू ताईला ओळखलंच नाहीस.

कामाचं लिहिते. युद्धात आपण दोघं ज्या कचेरीत होतो तिच्यावर सिनेमा निघतोय. नायक आपले सर. शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडणारा महापुरुष वगैरे. गुप्ततेची तीस वर्षं संपली, कपाटं उघडली, आणि एका दिग्दर्शिकेला जुन्या हजेरीपत्रकात माझं नाव सापडलं. पोरगी हुशार आहे, पण फार गोड बोलते, म्हणून मी सावध आहे. मी अठ्ठावीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली हे कळल्यावर तिने मला कामच देऊन टाकलं: पटकथेतल्या इतिहासाच्या चुका काढायच्या आणि शेवटी ‘हे असंच घडलं’ म्हणून सही करायची. त्या सहीशिवाय त्यांना ‘सत्यकथा’ हा शब्द पडद्यावर लावता येणार नाही, असा करार आहे. करार मी तीनदा वाचला.

चुका पायलीच्या पन्नास. सरांच्या तोंडात पाइप दिलाय. सर पेन्सिली चावत, आणि त्याही दुसऱ्यांच्या. मुली कागद घेऊन बोळातून धावताना दाखवल्यात. धावताना कुणी दिसलं की सर त्याला अर्धा तास दारात उभं करत, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? संकेत उलगडला की सगळी खोली टाळ्या वाजवते. टाळ्या! सर ‘हं, पुढचा’ म्हणत. एवढाच काय तो सोहळा.

इथवर मला मजा वाटत होती. मग अठ्ठ्याऐंशीवं पान आलं.

त्या पानावर सर संदेश उलगडतात की आज संध्याकाळी गोदीच्या पाचव्या धक्क्यावर बॉम्ब पडणार. पण पाचवा धक्का रिकामा केला तर आपण संदेश वाचतो हे शत्रूला कळेल. म्हणून सर काळजावर दगड ठेवून मुद्दाम चौथा धक्का रिकामा करायला लावतात. मग खिडकीशी जाऊन चष्मा पुसतात. एकोणीस माणसं मरतात, देश वाचतो, आणि मागे वाद्यं वाजतात.

ती एकोणीस माणसं देशासाठी गेली नाहीत. चुकीने गेली. त्यांतले एक आपले बाबा. चौथ्या धक्क्यावरच्या क्रेनवरून त्यांना खाली उतरवलं आणि पाचव्यावर पाठवलं, का, तर तिथे धोका नाही.

मी दिग्दर्शिकेला विचारलं, “हे तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही, मावशी. इशारा चौथ्याचा गेला आणि बॉम्ब पाचव्यावर पडले, एवढंच कागदांत आहे. चौकशीचं दप्तर अजून बंद आहे. कारण सापडेना, म्हणून मी निर्णय घातला. लोकांना चूक आवडत नाही, निर्णय आवडतो.”

मला काही हे पटलं नाही. कुठेतरी पाणी मुरतंय. ही थाप कुणाच्या सोयीची आहे? सर गेले, त्यांना मूल ना बाळ. सोय फक्त तुझी. तू तिला भेटलास का? खरं सांग.

ते पान मी खोडणार आहे आणि खरं काय झालं ते सांगणार आहे: संदेश उतरवणाऱ्या एका पोराने शेजाऱ्याच्या कागदात बघून आकडा लिहिला. तुझं नाव घालणार नाही, पण ज्यांना कळायचं त्यांना कळेल. तुझ्या बायकोला आणि मुलीला हे ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही. नसेल तर आताच सांगून ठेव. मागाहून ताईने पाठीत सुरा खुपसला असं म्हणायला जागा राहू नये, म्हणून आधी कळवते.

ताई

२३ जानेवारी

धाकट्यास,

तुझं कार्ड मिळालं. एकतीस वर्षांनी चार ओळी! ‘मी कुणाला भेटलो नाही. आहे ते पान राहू दे. मूळ कागद मागवू नकोस. तब्येत जप.’

माझी तब्येत ठणठणीत आहे. तिसऱ्या ओळीचं बोलू.

माझ्या पत्रात मूळ कागदांचा उल्लेख कुठे होता? मी माझ्या पत्राची नक्कल ठेवली आहे, ती दोनदा वाचली. नाही. मग तुझ्या मनात ते कागद आले कुठून? ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी खोड जुनीच आहे, पण या वेळी भांडं चांगलंच मोठं दिसतंय.

दिग्दर्शिकेसाठी मी कचेरीतलं काम कसं चाले ते लिहून काढलं. तुला नकलून पाठवते. काही चुकलं असेल तर दाखव.

शत्रूचा बिनतारी संदेश एकाच वेळी दोघं ऐकत. एक घड्याळजी, जो युद्धाआधी घड्याळं दुरुस्त करायचा आणि ज्याचा कान कधी चुकत नाही असं सगळे मानत. दुसरा तू, एकोणीस वर्षांचा, सहा महिन्यांचा नवखा. टेबलं शेजारी, मध्ये लाकडी फळी. टिंब आणि रेघा ऐकून दोघांनी आपापल्या कागदावर आकडे लिहायचे. दोन्ही कागद माझ्या टेबलावर येत. मी आकड्याला आकडा लावून मेळ घाली. जुळले तर कागद सरांकडे, उलगडायला. एकही आकडा जुळला नाही तर त्याला लाल पेन्सिलीने चौकट आणि कागद शंकेच्या ट्रेमध्ये. मग दुसऱ्या केंद्राची प्रत यायची वाट बघायची, दोन-तीन तास.

त्या दिवशी दोन्ही कागदांवर चार होता. हवा होता पाच. चार म्हणजे चार टिंबं आणि एक रेघ, पाच म्हणजे पाच टिंबं. फरक काय तो शेवटच्या खुणेचा. घड्याळजीचा कान तेवढ्या एका वेळी चुकला. माणूस आहे, चुकतो. पण दोन माणसं एकाच जागी एकच चूक करत नाहीत. तशी झाली, तर एकाने दुसऱ्याचं बघून लिहिलेलं असतं. आमचं सारं शिक्षण जिथे फरक आहे तिथे शंका घेण्याचं होतं. जिथे तंतोतंत जुळतं तिथे शंका घ्यायची असते, हे मला कुणी शिकवलं नाही, ते मी बाबांच्या जिवावर शिकले.

तू का बघितलंस तेही मला कळतं. त्या आठवड्यात सर पेटले होते. शंकेचा ट्रे भरून वाहत होता आणि निम्मे कागद तुझ्या चुकांचे होते. मला सगळ्यांसमोर म्हणाले, “तुमचे बंधुराज सुधारले नाहीत तर शनिवारी त्यांना आघाडीवरच्या ठाण्यावर धाडतो.” आघाडीवरून कोण परत येत होतं? तू घाबरलास आणि मान वाकडी केलीस. शाळेत तुझी गणितं मी करून द्यायची, चुका मी निस्तरायच्या, त्यामुळे तुला आयतं घ्यायची सवय होतीच. ती सवय मीच लावली, एवढा दोष माझा.

आणि चौकशीच्या दिवशीचं बाकडं विसरलास का? तू आधी आत गेलास. बाहेर आलास, माझी पाळी आली, तेव्हा कानाशी लागून म्हणालास, “ताई, ‘जुळत होते’ एवढंच सांग. बाकी काही बोलू नकोस.” मी तेवढंच सांगितलं. संध्याकाळी कळलं की तू आत कबुली देऊन आला होतास. मग मला गप्प का बसवलंस? माझ्या तोंडून आणखी काय निघेल याची तुला भीती होती? हे कोडं मी एकतीस वर्षं सोडवते आहे. तू मात्र चार ओळींत मोकळा झालास!

ताई

४ फेब्रुवारी

धाकट्यास,

दिग्दर्शिकेला सांगून टाकलं. ती म्हणाली, “मावशी, हे माझ्या पानापेक्षा बरं आहे.” बरं म्हणजे काय, खरं आहे म्हटलं! तिने प्रसंग नव्याने लिहिला. आता सर चष्मा पुसत नाहीत. एक पोरगा फळीवरून मान लांब करतो, शेजाऱ्याचा चार बघतो आणि आपला पाच खोडून चार करतो. चित्रण एकवीस तारखेला.

आणि हो, तिने दप्तरखान्यातून मूळ कागद मागवलेत. मी सांगितलं नव्हतं. तिला ते सेटच्या भिंतीसाठी हवे आहेत.

ते लिहावं म्हणून बसले तर तुझं दुसरं कार्ड आलं, तातडीच्या टपालाने. ‘कागद आलेच असतील तर तू बघू नकोस. सेटवर जाऊ नकोस. माझ्यावर काय घालायचं ते घाल. ताई, ऐक.’

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. एवढं काय आहे त्या कागदावर? नुसतं बघून लिहिलं नसशील, आणखी काही केलं असशील. घड्याळजीचा आकडासुद्धा तूच बदललास की काय, असंही माझ्या मनात येऊन गेलं. तुझ्याबद्दल एकदा वाईट विचार करायला बसलं की माझं मन थांबत नाही, हे मान्य करते.

माझ्या बाजूने सांगते, पुढे विचारशील म्हणून: मी त्या कागदांना लाल पेन्सिलीशिवाय काही लावलं नाही.

सेट लावणाऱ्या सुताराशी मात्र माझं वाजलं. त्याने दोन टेबलांमधली फळी माणसाच्या डोक्यापर्यंत उंच केली आहे. मी म्हटलं, “एवढी उंच नव्हती, खांद्याइतकी होती.” त्याने जुना नकाशा काढून दाखवला, मापं लिहिलेला. नकाशा काढणाराही चुकू शकतो. मी यादीत ‘फळी, तपासावी’ असं लिहून ठेवलंय. पुढल्या आठवड्यात कागद भिंतीवर लागले की जाऊन बघते.

ताई

१२ फेब्रुवारी

बघितले.

सुतार जेवायला गेला होता. मी तुझ्या खुर्चीवर बसले. फळी नकाशाप्रमाणेच आहे. मान लांब केली, खुर्चीवर उशी घेतली, अर्धवट उठून पाहिलं. शेजारच्या टेबलावरचा कागद दिसत नाही. पूर्ण उभं राहिल्याशिवाय दिसत नाही, आणि उभं राहायचं तर कानावरचा हेडफोन काढावा लागतो. तू उभा राहिला असतास तर खोलीतल्या पाच माणसांनी पाहिलं असतं. चौकशीवाल्यांनी ती खोली कधी पाहिलीच नाही. त्यांना कबुली मिळाली होती, खोली कशाला बघतील?

तेव्हा म्हटलं, नकाशा खोटा.

मग भिंतीकडे पाहिलं. रंगवणाऱ्याने तुझा कागद माणसाएवढा मोठा करून काढलाय. मला बघून खुशीत म्हणाला, “बाई, तुम्ही फार बारीक बघता म्हणे. यात काढा चूक. खोडाखोडीसकट हुबेहूब आहे.”

सगळे आकडे तुझे, सैल हाताचे. सातव्या ओळीत एक पाच रबराने पुसलेला, आणि त्यावर चार. तो चार तुझा नाही. त्याचं खालचं वेटोळं घट्ट आहे आणि डावीकडे झुकलंय.

रंगवणाऱ्याने चुकवला असेल म्हणून मी मूळ कागद मागून घेतला. त्यातही तसाच. दप्तरखान्यात कुणी हात मारला असेल असं मनात आलं. मग वाटलं, तूच माझं अक्षर गिरवलंस, पुढेमागे माझ्यावर ढकलता यावं म्हणून. पण ढकलायला तुला एकतीस वर्षं होती.

आज एवढंच.

२० फेब्रुवारी

धाकट्या,

आठ दिवसांत मी अनेकांवर संशय घेऊन पाहिला. शेवटी एकच माणूस उरलं.

मला तो क्षण आठवत नाही. खरं सांगते, शपथेवर. मला त्याआधीचे आठवतात. त्या आठवड्यात तुझे किती कागद मी पुसले असतील! घड्याळजीच्या कागदाशी तुझा जुळला नाही की तुझाच चुकला असं धरून चालायचे. काळं पेन्सिलीचं टोक लपवून ठेवलं होतं ड्रॉवरमध्ये, रबराचा तुकडा रुमालात. एक आकडा पुसायचा, घड्याळजीचा लिहायचा, कागद सरांकडे. ट्रेमध्ये एक कागद कमी. शनिवारी तू घरी. मला वाटायचं, भाऊ वाचवते आहे. शाळेतली गणितं करून द्यायचे तसंच हे. तुझं बरोबर असू शकतं, हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. ‘लाल पेन्सिलीशिवाय काही लावलं नाही’ असं तुला परवा लिहिलं, तेव्हा ते मला खरंच वाटत होतं. इतकी वर्षं घोकलं की खोटंही पाठ होतं.

तू पाच ऐकलं होतंस. पाच टिंबं. सगळ्या कचेरीत त्या दिवशी तुझा एकट्याचा कान बरोबर होता. चौकशीत त्यांनी तो कागद तुझ्यापुढे ठेवला असेल, आणि तू माझा चार ओळखला असशील. एकोणीस वर्षांचा तू, तिथल्या तिथे म्हणालास की हे खोडलेलं माझंच, मी शेजारी बघितलं. मग बाहेर येऊन मला सांगितलंस, ‘जुळत होते’ एवढंच बोल. मी त्यातून काय अर्थ काढला! तुझी नोकरी गेली, कचेरीतल्यांनी तोंड फिरवलं, आणि सगळ्यांत आधी मी फिरवलं. मला लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

परवा सकाळी दिग्दर्शिकेला कागद दाखवला आणि सांगितलं.

“मावशी, हे तुम्ही बोलला नसतात तर कुणालाही कळलं नसतं.”

“त्याला कळलेलं आहे,” मी म्हटलं. “पहिल्यापासून.”

“मग आता मी काय दाखवू?”

“झालं ते दाखव. एक बाई भावाची चूक दुरुस्त करते. ती चूक नसते.”

ती म्हणाली, नाव बदलते, नातं बदलते, तपासनीस पुरुष करते. मी म्हटलं, तसं केलंस तर सही नाही. बाई, आणि सख्खी बहीण. तिने रात्रंदिवस एक करून पान पुन्हा लिहिलं. मी वाचलं. एक स्वल्पविराम सोडून काही काढण्यासारखं नव्हतं. सही केली. उद्या चित्रण आहे. तुझी भूमिका करणारा नट मला विचारत होता, आपला आकडा बदललाय हे कळल्यावर त्या मुलाला काय वाटलं असेल? मी तुला कधी विचारलंच नव्हतं.

तुझ्या बायकोला आणि मुलीला वाचून दाखवण्यासाठी एक वेगळा कागद सोबत जोडला आहे. त्यात फक्त काय घडलं ते आहे, खाली माझी सही आणि तारीख. घरात ठेव.

आता चुकाच लिहायला बसले आहे, तर घरची एक उरते. ती कुठल्याही दप्तरात नाही, फक्त मला माहीत आहे.

आई आजारी होती तेव्हा तू दोनदा आलास. दोन्ही वेळा दार मी उघडलं. एकतीस वर्षांत तुझ्याशी एवढंच काय ते बोलले: आईला तुझं तोंड बघायचं नाही. तू पायरीवर पिशवी ठेवलीस आणि गेलास. आईने असं कधी म्हटलं नव्हतं. तिला तू आल्याचं कळलंच नाही, असं मी धरून चालले. दाराचा आवाज ऐकून तिने विचारलं, कोण होतं, आणि मी म्हटलं, पोस्टमन. शेवटच्या आठवड्यात तिने मला तुझ्यासाठी निरोप दिला. तुला लगेच पत्र टाक म्हणाली. मी हो म्हटलं आणि टाकलं नाही. ज्याने बाबांना मारलं त्याला हे शब्द कशाला, असं तेव्हा मला वाटलं. आई गेल्याला बावीस वर्षं झाली.

तो निरोप मला जसाच्या तसा आठवतो. तसाच देते, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि म्हणाली:

“त्याला म्हणावं, कुणाचं काय चुकलं ते मला कळत नाही, आणि आता कळून घ्यायचंही नाही. तू बाहेरच्या बाहेर जाऊ नकोस. आत ये.”

ताई